स्वतंत्र प्रोग्रामरचे उद्योग: बर्लिनच्या चंद्रोदयाचं भिंतीवरचं पंचांग

ओटीवरचा, बर्लिन

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं बर्लिनमध्ये स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेतोय. त्याआधी इथल्याच एका कंपनीत नोकरी होती. फावल्या वेळात जे काही जोडत-ठोकत बसतो, त्यातली एक वस्तू पहिल्यांदाच पूर्ण होऊन भिंतीवर चढली आहे, म्हणून हा धागा. थोडं लांबेल.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आई तीन महिन्यांच्या व्हिसावर इथं आली होती. संकष्टी होती. तिनं चिपळूणहून येताना बॅगेत दिनदर्शिका आणली होती. त्यात मुंबई, पुणे, रत्नागिरीच्या चंद्रोदयाच्या वेळा होत्या, बर्लिन कुठून असणार? इथं साडेनऊला सूर्य मावळत होता. "बघ रे फोनमध्ये, चंद्र किती वाजता," म्हणाली. फोन म्हणाला, बारा वाजून चार मिनिटं. सकाळपासून साबुदाण्याच्या खिचडीवर होती. ओट्यावर मोदकांचं ताट झाकून ठेवलेलं. समोरच्या इमारतीच्या छपरावरून चंद्र वर यायला साडेबारा झाले. तोवर ती शाल गुंडाळून बाल्कनीत उभी. अर्घ्य दिलं, पानावर बसली आणि पहिला घास घेता घेता विचारलं, "इथं उद्याची तिथी कधी लागते रे?" मला उत्तर देता आलं नाही.

नंतर शोधत गेलो तसं कळलं की हा प्रश्न गणितानं सुटतो. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. ती संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच. पण दिवसाची तिथी सूर्योदयाला जी चालू असेल ती धरतात, आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. डिसेंबरात बर्लिनचा सूर्य सव्वाआठला उगवतो, तेव्हा भारतात पावणेएक वाजलेला असतो. पुण्याचा सूर्योदय होऊन साडेपाच तास उलटलेले असतात. तेवढ्या वेळात तिथी बदलून जाऊ शकते. म्हणजे हिवाळ्यात साधारण चार दिवसांतून एकदा पुण्याची आणि बर्लिनची तिथी जुळत नाही. उन्हाळ्यात हे अंतर सव्वादोन तासांवर येतं, मग फरकही कमी पडतो.

आता वस्तूबद्दल. साडेसात इंची ई-पेपर पडदा, ८०० गुणिले ४८० ठिपक्यांचा. मागं ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपचा बोर्ड आणि १८६५० मापाचा एक लिथियम सेल. ई-पेपरला चित्र बदलतानाच वीज लागते, एरवी वीज नसली तरी चित्र तसंच राहतं. पहिल्या बोर्डानं मात्र सेल दहा-बारा दिवसांत संपवला. चिप गाढ झोपेत मोजून दहा मायक्रोअँपिअर घेते, पण बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो लाल दिवा रात्रंदिवस जागे असतात. मीटर लावून एकेक तपासलं. तांदळाच्या कणीएवढा तो दिवा चिमट्यात धरून सोल्डरिंग आयर्ननं उचलला, मग बोर्डच बदलून कमी वीज खाणारा घेतला. आता तीन आठवडे झाले, सेल ४.१ व्होल्टवरून ४.०५ वर आलाय.

देवनागरीनं खूप दमवलं. एवढ्याशा चिपसाठी जी चित्रलायब्ररी मिळते, तिला जोडाक्षरं जोडता येत नाहीत. 'तिथी'तली पहिली वेलांटी 'त'च्या मागे जाऊन बसते. शेवटी पानाचं चित्र घरातल्या जुन्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर तयार करायचं ठरवलं. पहाटे तीनला तो गणित करतो, अक्षरं मांडतो आणि ४८,००० बाइटचं काळं-पांढरं चित्र तयार ठेवतो. ईएसपी३२ उठतो, चित्र उचलतो, पडद्यावर मांडतो आणि झोपतो. शनिवारी संध्याकाळी भिंतीला भोक पाडलं, कारण इथं रविवारी ड्रिल चालवत नाहीत.

कामाबद्दल पुष्कळ जण विचारतात म्हणून तेही लिहितो. ब्लू कार्ड, म्हणजे इथला कुशल नोकरदारांचा परवाना, नोकरीला बांधलेलं असतं. जर्मन बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. तो हातात पडल्यावरच मी राजीनामा दिला आणि सगळ्यांना तेच सांगेन. नोकरीत असताना आरोग्य विम्याचा निम्मा हप्ता मालक भरतो, स्वतंत्र झालात की पूर्ण तुमचा. बिलावर १९ टक्के विक्रीकर लावायचा, तो सरकारचा. आयकराचा आगाऊ हप्ता १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबरला. बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी मी १९ टक्के दुसऱ्या खात्यात टाकतो आणि उरलेल्यातले ३५ टक्के तिसऱ्या. जे राहतं त्यालाच आपला पैसा म्हणायचं. शुक्रवारी दुपारी दोननंतर गिऱ्हाइकाचं काम बंद. तो वेळ माझा.

माझ्या खणात अर्धवट राहिलेल्या सात-आठ गोष्टी आहेत. त्या सगळ्या 'लोकांना उपयोगी पडेल' म्हणून सुरू केल्या होत्या. हे पंचांग एका माणसासाठी केलं, आणि ते पूर्ण झालं. आई पुढच्या मे महिन्यात पुन्हा येते आहे. तुमचे असे उद्योग काय आहेत, ते कशामुळे पूर्ण होतात, हे वाचायला आवडेल. खाली फोटो जोडलाय.

खडीसाखर, आइंडहोवन

फार आवडलं. ताट झाकून ठेवलेलं वाचताना माझ्या आजीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं.

मी नेदरलँड्समध्ये सहा वर्षं स्वतंत्र काम करते. इकडे १ जानेवारी २०२५ पासून खोट्या स्वतंत्र कामगारांवर कर खात्यानं पुन्हा कारवाई सुरू केली. म्हणजे तुम्ही नावाला स्वतंत्र, पण रोज त्याच कंपनीत, त्याच साहेबाच्या हाताखाली बसत असाल, तर ती नोकरीच धरायची. हेतू चांगला आहे. पण माझ्या तेव्हाच्या गिऱ्हाइकानं घाबरून तीन वर्षांचं काम एका ईमेलवर थांबवलं. त्या महिन्यात मी जे शिकले ते लिहिते: कितीही चांगलं गिऱ्हाईक असो, एकाच दारावर उभं राहू नये. आता माझी तीन गिऱ्हाइकं आहेत. तिन्ही लहान आहेत आणि मला झोप लागते.

एक कळकळीची विनंती. हे विकायला काढू नका. मी मुलांच्या मराठी शब्दांचं ॲप दोन युरोला ठेवलं होतं. विकलं गेलं थोडंफार. पण ज्या दिवशी पहिल्यांदा पैसे घेतले, त्या दिवसापासून ते माझ्या लेकीसाठी केलेलं राहिलं नाही. रात्री अकराला कोणाच्या तरी जुन्या टॅबलेटवर चित्र दिसत नाही म्हणून मी जागी. दोन वर्षांनी बंद केलं. लेक अजून विचारते.

पाणपोई, पुणे

फोटो मोठा करून पाहिला. 'शुक्ल'मधला श आणि ल हिंदी वळणाचे आलेत. आपला ल पाकळीचा, श देठाचा. नोव्हेंबर २०२२ च्या शासननिर्णयातही हीच वळणं आहेत.

हा दोष टंकाचा असेलच असं नाही. पुष्कळ देवनागरी टंकांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला सांगावं लागतं, तेव्हा टंक मराठी अक्षर पुढं करतो. तुम्ही पायथॉनची पिलो लायब्ररी वापरत असाल तर तिच्यासोबत राक्म, म्हणजे जोडाक्षरं जुळवणारी लायब्ररी, बसवलेली हवी (वेलांटी जागेवर आहे म्हणजे ती आहेच), आणि अक्षरं काढताना भाषा म्हणून एमआर (मराठीची खूण) द्या. एका शब्दाचं काम आहे. त्यानंही बदललं नाही तर टंक बदला. मराठी वळण मूळचंच असलेले टंक मोफत मिळतात, आयआयटी मुंबईचा शोभिका टंकही बघा.

आणखी एक, 'सूर्योदय'मधला रफार बरोबर आहे, पण कुठं 'दुसऱ्या' लिहायची वेळ आली तर तो अर्धा र नीट येतोय का तपासा. मराठीची खरी परीक्षा तिथंच होते.

कोथिंबीरवडी, न्यू जर्सी

वाचनखूण साठवली. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्यामुळे मालकाशिवाय दुसरीकडे काम करून एक डॉलरही कमावता येत नाही. सुरुवातीला याचा त्रास व्हायचा. आता जे करते ते घरासाठी करते. कुंड्यांच्या मातीतला ओलावा मोजणारी वस्तू केली आहे, कढीपत्त्यासाठी. तीन हिवाळे जगलाय तो.

ग्रहगणितासाठी कोणती लायब्ररी वापरली?

ओटीवरचा, बर्लिन

पाणपोई, मनापासून आभार. रात्रीच भाषा दिली आणि पहाटे पानावर पाकळीचा ल उमटला. चहा गार होईपर्यंत बघत उभा होतो.

खडीसाखर ताई, तुमचं म्हणणं पटलं. विकणार नाही.

कोथिंबीरवडी, आधी स्विस एफिमेरिस पाहिली. उत्तम आहे, पण तिचा परवाना एजीपीएल (म्हणजे आपला कोडही खुला ठेवायचा) किंवा मग पैसे भरून. मी स्कायफील्ड घेतली, तिचा परवाना मोकळा आहे आणि ग्रहांची स्थानं ती नासाच्या जेपीएलच्या डीई४२१ या फायलीतून घेते. १९०० ते २०५० एवढा काळ त्यात बसतो. तिथीचं एक बरं आहे, सूर्य आणि चंद्र यांची वजाबाकी असल्यानं अयनांश (राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची तो फरक) कोणते धरायचे हा वाद तिथं येतच नाही. नक्षत्राला मात्र येतो, म्हणून नक्षत्र अजून पानावर घेतलेलं नाही.

सांगलीकर_गुरुजी, सांगली

मी निवृत्त गणितशिक्षक. प्रोग्रामिंग येत नाही, पण पंचांग पन्नास वर्षं बघतो आहे. ओटीवरचे, तुमचं काम पाहून समाधान वाटलं. म्हणूनच एक चूक दाखवतो, राग मानू नका.

फोटोत ज्या दिवसापुढं 'संकष्टी' लिहिलंय, त्या दिवशी सूर्योदयाला चतुर्थी आहे, म्हणून तुमच्या यंत्रानं ती धरली असावी. संकष्टी अशी धरत नाहीत. ती चंद्रोदयव्यापिनी. चंद्र उगवताना चतुर्थी हवी, सकाळी तृतीया असली तरी चालते. प्रत्येक व्रताची वेळ निराळी असते. एकादशी सूर्योदयाच्या तिथीवरून, भाद्रपदातली गणेश चतुर्थी आणि रामनवमी मध्यान्हीच्या, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळाच्या, जन्माष्टमी मध्यरात्रीच्या. ज्या वेळी ते कर्म करायचं, त्या वेळी ती तिथी असली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी असेल तर पहिला दिवस, तृतीयेला लागून असलेला. दोन्ही दिवशी नसेल तर दुसरा. हे धर्मसिंधूत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी ते लिहिलं, आणि वाचाल तर तुम्हाला ते तुमच्याच धंद्यातलं वाटेल. 'असं असेल तर हे, नसेल तर ते', पानोपानी.

दुसरं, तुमच्या आईनं साडेबाराला अर्घ्य दिलं, तेव्हा घड्याळाची तारीख बदललेली होती. पण आपला दिवस सूर्योदय ते सूर्योदय. चंद्रोदय मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत शोधाल तर काही तारखांना तो सापडणारच नाही, कारण चंद्र रोज उशिरा उगवत जातो आणि महिन्यातून एखादी तारीख चंद्रोदयावाचून जाते. शोध सूर्योदयापासून सुरू करा.

आणि व्रत जिथं आपण उभे आहोत तिथल्या क्षितिजावरून धरायचं. आपल्या मातोश्रींनी ते न विचारता बरोबर केलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

ओटीवरचा, बर्लिन

गुरुजी, राग कसला. तुम्ही सांगितलं नसतं तर मे महिन्यात आईनं माझ्या भिंतीवर विश्वास ठेवून चुकीच्या दिवशी उपास केला असता.

काल शुक्रवार होता. दुपारी दोनला बसलो ते रात्री अकराला उठलो. मागच्या वर्षभराच्या संकष्ट्या तुमच्या नियमानं पुन्हा काढल्या. माझ्या जुन्या पद्धतीनं निम्म्याहून जास्त चुकत होत्या, बहुतेक एक दिवस पुढं. कारण बघितलं तर सरळ आहे. उन्हाळ्यात बर्लिनचा सूर्योदय पावणेपाचला आणि चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास, म्हणजे मध्ये एकोणीस तास. तिथी तर कधी एकोणीस, कधी सव्वीस तासांची. सकाळी जी तिथी होती ती चंद्र उगवेपर्यंत टिकण्याची शक्यताच कमी. आता प्रत्येक व्रतापुढं त्याची वेळ लिहून ठेवली आहे आणि शोध सूर्योदय ते सूर्योदय चालतो.

वर्षाच्या चंद्रोदयाच्या वेळा एका कागदावर काढल्या. पुण्यात संकष्टीचा चंद्र वर्षभर नऊ-दहाच्या आसपास येतो. बर्लिनमध्ये जून-जुलैत मध्यरात्र, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात साडेआठ. आईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "मग मला सप्टेंबरातच बोलव ना."

ध्रुवतारा, ट्रॉम्सो

आमच्याकडे तुमचं यंत्र चालायचं नाही! नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथं सूर्य क्षितिजावर येतच नाही. सूर्योदय नाही तर दिवसाची तिथी कुठली? मे ते जुलै उलटं, मावळतच नाही. त्या अंधाऱ्या महिन्यांत पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र काही दिवस आकाशात गोल फिरत राहतो, तोही मावळत नाही, मग उगवणार कधी?

आम्ही इथं चार मराठी घरं आहोत. त्या काळात सरळ मुंबईच्या वेळा धरतो. दुसरं काय धरणार? पण खरं सांगते, डिसेंबरात दुपारी दोनला बर्फावर टिपूर चांदणं असतं, तेव्हा कोणी नुसतं 'आज त्रयोदशी' म्हणालं तरी बरं वाटतं. दिवस पुढं सरकतोय एवढं कळतं. प्रोग्राममध्ये 'गाव निवडा' अशी सोय केलीत तर मी तुमचा पहिला पडदा इथं लावेन.

सांगलीकर_गुरुजी, सांगली

ताई, मुंबई धरता हे योग्यच करता. दुपारी दोनचं चांदणं मी आयुष्यात कल्पिलं नव्हतं. आज वर्गात असतो तर मुलांना हेच उदाहरण दिलं असतं.

पिंपळपार, मेलबर्न

आमच्याकडे सगळं उलटं. डिसेंबरातली संकष्टी साडेअकरापर्यंत ताणते आणि जूनमधली मुलं झोपायच्या आत आटोपते. मला सोल्डरिंग जमत नाही, पण फोनवर हे असतं तर मंडळात शंभर जणांनी घेतलं असतं. ॲप काढा ना.

बाकी एकटं काम करणाऱ्यांना विचारायचंय, दिवस कसा काढता? मी गेल्या वर्षी नोकरी सोडली. काम आहे, पैसे बरे आहेत, पण कधी कधी बुधवारी दुपारी लक्षात येतं की सोमवारपासून घराबाहेर कोणाशी बोललेलोच नाही.

खडीसाखर, आइंडहोवन

पिंपळपार, हे आम्हा सगळ्यांचं आहे. मी सकाळी लेकीला शाळेत सोडून थेट वाचनालयात जाते आणि जेवणानंतर घरी येते. तिथं कोणी बोलत नाही, पण माणसं असतात. शिवाय गुरुवारी संध्याकाळी एका स्वतंत्र डिझायनर मैत्रिणीबरोबर स्वयंपाक, एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. हे गिऱ्हाइकाच्या मीटिंगसारखं कॅलेंडरात लिहून ठेवा, नाहीतर राहून जातं.

ओटीवरचा, बर्लिन

पिंपळपार, मी रोज चारला टेम्पेलहोफच्या मैदानावर जातो. जुना विमानतळ आहे, २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून लोकांना मोकळा आहे. धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो आणि त्या वेळात आईला फोन. भारतात तेव्हा साडेसात झालेले असतात, दिवाबत्ती झालेली असते. हिवाळ्यात तीनला निघतो, म्हणजे तिची वेळ तीच राहते.

ॲपचा विचार केला. विकायचं नाही, जाहिरात नाही. अँड्रॉइडवर नव्या वैयक्तिक खात्यातून ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं तर आधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस वापरून बघावं लागतं. माझ्या ओळखीत इथं चार जण आहेत. ध्रुवतारा ताईंची गाव निवडायची सोय त्यात आधी घेतो. सूर्योदय सापडला नाही तर ॲप विचारेल, कुठलं गाव धरू?

कोण कोण यायला तयार आहे?

ध्रुवतारा, ट्रॉम्सो

मी. आणि माझ्याकडची तीन घरं.

पिंपळपार, मेलबर्न

+१. कॅलेंडरात पहिली नोंद केली, रविवारी सकाळी दोन मित्रांबरोबर चालायला जाणार. त्यांनाही ॲप देतो, म्हणजे +३.

कोथिंबीरवडी, न्यू जर्सी

+१. पैशाचा संबंध नाही, त्यामुळे मला निर्धास्तपणे मदत करता येईल. व्रतांचे नियम नीट चालतात का बघायला चाचण्या लिहून देऊ का? गुरुजींनी पाच-सहा अवघड वर्षं सांगितली तर त्यावरच लिहीन.

पाणपोई, पुणे

+१. अक्षरांकडे मी बघतो.

सांगलीकर_गुरुजी, सांगली

माझ्याकडे १९७४ पासूनची पंचांगं माळ्यावर आहेत. मुलगा शनिवारी येतो, त्याला खाली काढायला सांगतो. क्षयतिथी, वृद्धितिथी आणि अधिक महिना एकत्र आलेली वर्षं बाजूला काढून त्यांचे फोटो पाठवीन. ॲपही त्याच्याकडूनच फोनवर घालून घेईन, तेव्हा मलाही मोजा.

ओटीवरचा, बर्लिन

चौदा झाले. काय बोलू.

आज इथं संकष्टी. नवीन नियमांवरचं पहिलं पान सकाळपासून भिंतीवर आहे: सूर्योदयाला तृतीया, चंद्रोदय ८:३८, तेव्हा चतुर्थी. साडेआठलाच बाल्कनीत जाऊन उभा राहिलो आणि आईला व्हिडिओवर घेतलं. तिच्याकडे बारा वाजून गेले होते, तिचं अर्घ्य, जेवण, सगळं कधीच झालेलं, तरी जागी राहिली होती. समोरच्या छपरामुळे थोडा वेळ गेला. नऊला पाच कमी असताना धुराड्याशेजारी पिवळी कड दिसली. फोन तिकडे वळवला. आई म्हणाली, "आला बघ. आता तू जेवून घे."